बोट ठेवा त्या ओळीवर

भुताची गोष्ट म्हटली की मुलं आपोआप जवळ सरकतात. याचा मी फायदा घेतो. एका शाळेत आठवड्यातून एक तास सातवी-आठवीच्या मुलांबरोबर मी गोष्टी वाचतो. मी शिक्षक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण मुलं सर म्हणतात, तर म्हणू देतो. दरवर्षी एक कथा मात्र ठरलेली: ‘माकडाचा पंजा’. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची, १९०२ सालची. खलाशांच्या विनोदी गोष्टी लिहिणारा हा लेखक लोकांच्या लक्षात राहिला तो या भयकथेमुळे.

व्हाईट नावाचं वयस्क जोडपं, त्यांचा तरुण मुलगा हर्बर्ट. पावसाच्या रात्री हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट-मेजर त्यांच्याकडे येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळका पंजा आहे, तीन इच्छा पुरवणारा. व्हाईट २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो: हर्बर्ट कामावर यंत्रात सापडून गेला, कंपनी जबाबदारी घेत नाही, पण भरपाई देतेय, २०० पौंड. पुढे आई हट्ट धरते, मुलगा परत मागा. बाप मागतो. रात्री दार वाजतं. आई कडी काढायला धावते, बाप चाचपडत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा बोलतो. दार उघडतं. बाहेर कोणी नाही.

वाचून झालं की वर्ग गप्प असतो. मी विचारतो, “दाराबाहेर कोण होतं?” सगळे एका सुरात, “हर्बर्ट!” कसा दिसत होता? मग काय विचारता! रक्त, लोंबता हात, बाहेर आलेले डोळे. मी म्हणतो, “छान. आता ज्या ओळीत हे आहे, तिच्यावर बोट ठेवा.”

पानं उलटतात, बोटं फिरतात. ओळ सापडत नाही. सापडणार कशी? जेकब्जने दाराबाहेरचं काही दाखवलेलंच नाही. आहे तो फक्त आवाज, आधी कानाला जेमतेम लागणारा, मग वाढत गेलेला. मुलं चिडतात. फसवलं म्हणतात. इथून खरं वाचन सुरू होतं.

मागे एका मुलीने मुद्दा काढला: स्मशान दोन मैलांवर आहे हे आईला तेव्हाच आठवतं, म्हणजे यायला उशीर का झाला ते कळतं, म्हणजे तो हर्बर्टच! चांगला पुरावा. पण कशाचा? आईला काय वाटत होतं याचा. दाराबाहेर कोण होतं याचा नव्हे. एका मुलाला दुसरी जागा सापडली. बाप सांगतो की मुलाला त्याने फक्त कपड्यांवरून ओळखलं होतं. वर्गाने पाहिलेलं सगळं रक्त त्या एवढ्याशा वाक्यातून आलेलं. फळ्यावर मी दोन रकाने आखतो, ‘लिहिलंय’ आणि ‘त्यावरून वाटतं’. दुसरा रकाना कमी दर्जाचा नाही हे मुलांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं. त्याच्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही. फक्त पहिल्या रकान्यातलं म्हणून तो खपवायचा नाही.

मग येतो फकीर. पंज्यावर मंत्र घातला तो हिंदुस्थानातल्या एका फकिराने. एकदा एक मुलगा म्हणाला, “सर, तो फकीर दुष्ट होता.” दुसऱ्याने त्याला हिरवी कफनी घातली, दाढी लावली, डोळ्यांत सुरमा घातला. दोघातिघांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांना माहीत आहे. मी एवढंच म्हणालो, “बोट ठेवा.” सार्जंट म्हणतो तो म्हातारा होता, फार पवित्र माणूस होता, आणि माणसाचं आयुष्य नशिबाच्या हाती असतं हे त्याला दाखवायचं होतं. बस. कफनी नाही, दाढी नाही. धर्मही नाही, कारण त्या काळचे इंग्रज मुसलमान दरवेशालाही फकीर म्हणत आणि हिंदू बैराग्यालाही. मग कफनी कुठून आली? “पिक्चरमधून,” असं तो मुलगाच म्हणाला, आणि खाली बसला.

या सवयीचा घरच्यांना त्रास होतो, हेही सांगितलं पाहिजे. एका आजींनी नातवाला फोनवर आलेली कसलीशी भयंकर बातमी ऐकवली. नातू म्हणाला, “कुठं लिहिलंय?” आजींनी फोनच त्याच्या नाकासमोर धरला: “हे बघ, लिहिलंय!” नातू निरुत्तर होऊन माझ्याकडे आला. प्रश्न मोठा होता. आम्ही पुन्हा कथेकडे गेलो. पंज्यात शक्ती आहे असं म्हणतं कोण? मुलांनी शोधलं. लेखक स्वतःच्या तोंडाने कुठेच म्हणत नाही. म्हणतो तो सार्जंट, आणि तोही फकिराच्या हवाल्याने. वर त्यानेच सांगून ठेवलंय की गोष्टी इतक्या सहज घडतात, योगायोगही म्हणता येईल. तेव्हापासून ‘लिहिलंय’च्या रकान्यात आम्ही ‘कोण म्हणतंय’ हेही लिहितो.

यंदा भांडण तिसऱ्या इच्छेवरून आहे. बापाने काय मागितलं? वर्ग म्हणतो, मुलगा परत थडग्यात जावो. पण ती इच्छा कथेत शब्दांत दिलेलीच नाही. एक मुलगी म्हणते, “कशावरून? पंजा आपल्या घरात आलाच नसता, असं मागितलं असेल.” तिच्या शेजारणीने लगेच पान उघडलं: तसं असतं तर दार उघडल्यावर आई हंबरडा का फोडते? पहिलीने ती ओळ दोनदा वाचली आणि पुढच्या तासापर्यंत मुदत मागितली.