पाणथळ जमीन आणि नगरविकासाचा हिशेब

बीड जिल्हा म्हटले की दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर डोळ्यांपुढे येते. अशा अवर्षणप्रवण प्रदेशात पाणथळ जागांचा प्रश्न उपस्थित करणे कोणाला चैनीचे वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जेथे पाऊस थोडा आणि लहरी, तेथे पाणी थोपवून मुरवणारा जमिनीचा प्रत्येक सखल तुकडा ही समाजाची ठेव असते.

जुन्या बीडला याची जाण होती. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत बांधलेल्या खजाना विहिरीचे पाणी बोगद्यावाटे शेतांपर्यंत पोहोचे. कंकालेश्वराचे मंदिर तर कुंडाच्या पाण्यातच उभे आहे. अलीकडच्या नगरविकासाने मात्र बिंदुसरेचा काठ, ओढे आणि सखल जमीन यांकडे केवळ मोकळे भूखंड म्हणून पाहिले.

यामागील अर्थशास्त्र साधे आहे. सखल जमिनीवर भराव टाकून गुंठे पाडले की विक्रीचा नफा एका मालकाच्या पदरात पडतो. पूर सामावून घेण्याचे आणि विहिरींना पाझर देण्याचे तिचे कार्य बाजारात विकले जात नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. या शून्याची भरपाई करतो, तो उंचावरची महाग जमीन न परवडणारा कष्टकरी. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेल्या महापुराने बीड शहरात अनेकांचे बळी घेतले. नदी वस्तीत शिरली, असे म्हणणे सोपे आहे. वस्तीला नदीकाठी कोणी ढकलले, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यावर विसंबावे, तर तेथेही वाट अडते. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी नदीपात्रे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. बीडचे तलाव प्रामुख्याने याच वर्गातले. म्हणजे ज्या जिल्ह्याला पाण्याची एवढी चणचण, त्याचेच जलाशय या नियमांच्या लेखी पाणथळ नाहीत!

म्हणून मागणी नेमकी हवी. पूररेषा, ओढे आणि तळी विकास आराखड्यात सर्व्हे क्रमांकांनिशी नोंदवावीत आणि तेथे एकही नवा भूखंड मंजूर होऊ नये. कारवाईचा आरंभ झोपडीपासून नव्हे, तर भराव टाकून भूखंड विकणाऱ्यांपासून व्हावा. काठावरच्या कुटुंबांना आधी पर्यायी घर मिळावे, मगच त्यांचे स्थलांतर व्हावे.

पाण्याची जागा ही सामाईक मालमत्ता आहे. ती राखणे हा दुष्काळनिवारणाचाच कार्यक्रम होय, आणि तो टँकरच्या निविदांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.