चौकटीचे माप



पोलोग्राउंडपासून आपला राजवाडा फार दूर नाही. त्या ७ मजली वास्तूचे खालचे ३ मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत तिचा मोठा भाग आगीत गेला. पुढे पुनर्बांधणी झाली. पण जळलेले लाकूड परत येत नाही.

आज वास्तुरचनेच्या संगणकप्रणालीत जुनी चौकट हुबेहूब उभी करता येते. तिच्या नक्षीपट्टीचा आडवा छेद एकदा अचूक रेखाटायचा आणि तो दाराच्या तिन्ही बाजूंनी फिरवायचा. कोपऱ्यांतील सांधे ४५ अंशांत आपोआप जुळतात. वेलबुट्टी मात्र स्वतंत्रपणे घडवावी लागते. सुताराच्या हातची दोन पाने कधी तंतोतंत सारखी नसतात.

परंतु छेद घेण्यास मूळ चौकट समोर हवी. राखेचे माप घेता येत नाही. म्हणून माझी नम्र विनंती आहे : ज्यांच्या घरी अशी चौकट अद्याप उभी आहे, त्यांनी घर पाडण्यापूर्वी तिची मापे व छायाचित्रे घ्यावीत; उंबरठा, गणेशपट्टी, महिरप ही नावेही लिहून ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूला तेवढा कागद जड नाही.