मोहाखालची बाई



चित्रपटाच्या व्यवसायांत 'स्टॉक शॉट' नांवाचा एक प्रकार आहे. पाणी शेंदणारी स्त्री, बाजारांतील गर्दी, बांधावर टेकलेला म्हातारा असें एखादें दृश्य एकदां टिपून सांठवून ठेवावयाचें, आणि पुढें ज्याला जेथें लागेल तेथें त्यानें तें जोडून घ्यावयाचें. दृश्यांतील मनुष्य कोण, हें सहसा कोणीं नोंदविलेलें नसतें. गोणीवर जसा नुसता धान्याचा प्रकार लिहावा, तसें 'खेडूत स्त्री' एवढें लिहिलें कीं काम भागतें.

ही रीत सिनेमाहूनही जुनी म्हणावी लागेल. १८६८ ते १८७५ ह्या काळांत 'दि पीपल ऑफ इंडिया' हा छायाचित्रांचा ग्रंथ आठ खंडांत निघाला. त्यांतील बहुतेक चित्रांखालीं व्यक्तीचें नांव नसून जातीजमातीचें आहे. पुढें आपल्या सावेदादांनीं, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं, विलायतेहून कॅमेरा आणवून १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एक कुस्ती टिपली. त्या मल्लांचीं नांवें, पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी, इतिहासांत टिकलीं. त्याच सुमारास त्यांनीं माकडांस शिकविणाऱ्या एका माणसाचेंही चित्र घेतलें. तो 'माणूस' म्हणूनच राहिला. माकडांची गोष्ट तर सोडाच. १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तें स्वागतही सावेदादांनीं टिपलें. परांजपे सर्वांस ठाऊक आहेत. भोंवतालच्या पागोट्यांखालीं कोण होतें, तें त्यांच्या घरच्यांस तरी आतां ओळखतां येईल काय?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचून सुचलेला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं, मी नोकरींत असतांना, चित्रें घेणारी एक मंडळी गडचांदूरास आली. त्यांना जंगलांतील जीवन पाहावयाचें होतें. मीच त्यांना माणिकगडाच्या डोंगरांतील एका कोलाम गुड्यावर घेऊन गेलों. चैत्राचे दिवस होते. मोहाखालीं पहांटेपासून फुलांचा सडा पडला होता, आणि माझ्या एका विद्यार्थ्याची आजी टोपली घेऊन तीं वेचीत होती. बहर चांगला होता. टोपली भरल्यावर तिनें कॅमेऱ्याकडे पाहिलें आणि ती मोकळेपणीं हंसली. मंडळींनीं तिचें नांव विचारलें नाहीं. मींही सांगितलें नाहीं. तीस वर्षें रोज सकाळीं हजेरीपटावरून नांवें पुकारणाऱ्या माझ्या हें ध्यानांतही आलें नाहीं.

दोन वर्षांनीं तेंच दृश्य दूरचित्रवाणीवर दिसलें. उपासमारीसंबंधींचा कार्यक्रम होता. निवेदक म्हणत होता, ही वृद्धा अन्नाचा कण शोधीत आहे. हंसणें कापलेलें होतें. वास्तविक मोहफूल म्हणजे त्या घरची बेगमी. वाळवून ठेवावें, खावें, उरेल तें बाजारांत विकावें. वांकून वेचणें म्हणजे दैन्य, असें ज्यास वाटलें त्यानें कापूस वेचणारी बाईही कधीं पाहिली नसावी. येथें दारिद्र्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. तें पुष्कळ आहे. परंतु त्या सकाळीं, त्या झाडाखालीं तें नव्हतें.

आजी पुढें वारली. नातू मला भेटला, तेव्हां मीं त्यास म्हटलें, "आपण त्यांना पत्र लिहूं. निदान तिचें नांव तरी चित्राखालीं घालतील."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नको, गुरुजी. आतां ती कोणीतरी बाई आहे. नांव घातलें तर तें बोलणें आमच्या आजीला चिकटेल."

मीं पत्र लिहिलें नाहीं. आणि येथेंही तिचें नांव घेत नाहीं. मंडळींस वाट दाखविणारा मीच होतों, हें मात्र सांगितलें पाहिजे.

तिचें दुसरें हलतें चित्र घरांत नाहीं. म्हणून तेवढा तुकडा नातवानें मोबाइलवर ठेवला आहे. सणावाराला घरचीं लहान मुलें भोंवतीं जमलीं म्हणजे तो त्यांना दाखवितो. आवाज बंद करून. तुकडा संपला कीं म्हणतो, "ह्याच्यानंतर ती हंसली होती." तें त्याला मींच सांगितलेलें आहे.