गच्चीवरची थाळी आणि शंभर वर्षांचं घर

हा एपिसोड रिकाम्या पोटी ऐकत असाल तर आधीच सांगून ठेवते, त्रास होईल. कारण आज आपण जेवायला निघालोय, आणि तेही थेट अहमदाबादला.

आता तुम्ही म्हणाल, गुजराती थाळी खायला अहमदाबाद कशाला? आमच्या इथल्या मॉलमध्येही मिळते की, अनलिमिटेड! बरोबर आहे, मिळते. पण आजचा विषय नुसती थाळी नाही. आजचा विषय आहे थाळी आणि घर यांची जोडी. एक घर आहे, शंभर वर्षांचं. ते आज धडधाकट उभं आहे, आणि ते उभं राहण्यात त्या थाळीचा मोठा वाटा आहे. हे कसं, ते बघू.

आधी पत्ता समजून घ्या. जुन्या अहमदाबादमध्ये लाल दरवाजा नावाचा गजबजलेला भाग आहे. तिथे सिदी सैयदची मशीद आहे, सोळाव्या शतकातली. तिची दगडी जाळी तुम्ही फोटोत नक्की पाहिली असणार. दगडात कोरलेलं झाड, फांद्या एकमेकीत गुंतलेल्या. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हात तीच जाळी आहे. तर त्या मशिदीसमोर, रस्ता ओलांडला की एक मोठं घर दिसतं. नाव, हाऊस ऑफ एमजी.

अहमदाबादमध्ये एमजी म्हटलं की सगळ्यांना महात्मा गांधीच आठवतात. पण हे एमजी वेगळे. हे शेठ मंगलदास गिरधरदास, गिरणीमालक. हे घर त्यांनी १९२४ मध्ये बांधलं. अहमदाबादमध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली १८६१ साली. पुढच्या साठेक वर्षांत या शहराला 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणायला लागले. त्या कापडाच्या पैशातून उभं राहिलेलं हे घर.

आज या घराचं हॉटेल झालंय. मंगलदास शेठजींचे पणतू अभय मंगलदास यांनी ते दुरुस्त करून उघडलं. खाली 'ग्रीन हाऊस' नावाचं कॅफे आहे आणि वर गच्चीवर थाळीचं रेस्टॉरंट, 'अगाशिये'. गुजरातीत अगाशी म्हणजे गच्ची. अगाशिये म्हणजे गच्चीवर. आपल्याकडेही जुन्या मराठीत आगाशी हा शब्द होता बरं का. आपण तो विसरलो, त्यांनी त्याची पाटी लावली.

आणि गच्चीच का? कारण अहमदाबादचं आयुष्यच गच्चीवर आहे. उन्हाळ्यात दिवसभर भिंती तापतात, संध्याकाळी वारा सुटतो तो वरच. १४ जानेवारीला उत्तरायण, तेव्हा तर अख्खं शहर पतंग घेऊन गच्चीवर असतं, आणि सोबत उंधियू-जलेबी. त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर बसून जेवणं ही काही हॉटेलवाल्यांनी काढलेली आयडिया नाही. ती तिथली जुनीच सवय आहे.

चला, आता पानावर बसू.

इथे मेन्यू कार्डातून निवडायचं नसतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात जे केलंय ते तुमच्या पानात येतं, आणि ते रोज बदलतं. काशाचं ताट, वाट्या, आणि वाढणारे एकामागून एक येत राहतात. गुजराती थाळीत गोड शेवटी येत नाही, ते जेवणाच्या सोबतच असतं. मग फरसाण, दोन-तीन शाक, एखादं कडधान्य, दाळ, कढी, रोटली, पुरी, छुंदा, लोणचं, पापड. आणि हे सगळं झालं की खिचडी.

मराठी माणूस या ताटाकडे बघतो तेव्हा एक गंमत होते. खांडवी आली, अरे, ही तर आपली सुरळीची वडी. पात्रा आली, ही अळूवडी. खाली कॅफेत पानकी मिळते, केळीच्या पानात भाजलेली तांदळाची, आणि कोकणातल्या कुणालाही पानगी आठवल्याशिवाय राहत नाही. दाळीत गूळ आहे म्हणून नाक मुरडणारे पुण्यातले लोक घरी आमटीत काय घालतात? गूळच! फरक फक्त प्रमाणाचा.

आणि हे शेजार नुसतं चवीपुरतं नाही. १७५८ पासून १८१७ पर्यंत अहमदाबाद मराठ्यांकडे होतं. पेशवे आणि गायकवाड, दोघांचा वाटा. त्या शहरात आजही गायकवाड हवेली आहे आणि तिथे पोलीस बसतात. लक्षात घ्या, ती हवेली टिकली कारण तिला कुणीतरी वापरात ठेवलं. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

त्याआधी एक पदार्थ सांगते. फजेतो. उन्हाळ्यात आंब्याचा रस काढला की साली आणि कोयी उरतात. त्यांना चिकटलेला रस वाया जाऊ नये म्हणून त्या पाण्यात कोळून घ्यायच्या, त्या पाण्यात ताक आणि बेसन घालायचं, वर फोडणी द्यायची. झाली आंब्याची कढी. आंबट, गोड, तिखट, एकदम.

बघा, हा पदार्थ कुणा शेफने शोधलेला नाही. तो काटकसरीतून आलाय. 'फेकायचं नाही' म्हणणाऱ्या कुठल्यातरी बाईच्या हातून आलाय. आणि तो वर्षातून महिना-दोन महिनेच होऊ शकतो. उंधियूचंही तेच. पापडी, कंद, रताळी, लहान वांगी, मेथीचे मुठिये, हे सगळं थंडीतच चांगलं मिळतं. उंधु म्हणजे उलटं. दक्षिण गुजरातेत मडकं उलटं पुरून वर जाळ करायचे, त्यावरून नाव पडलं. असे पदार्थ बाराही महिने एकच मेन्यू चालवणाऱ्या हॉटेलला परवडत नाहीत. घराला परवडतात. आणि म्हणून घरातलं स्वयंपाकघर बंद झालं की आधी हेच पदार्थ जातात. ढोकळा कुठेही जगेल. फजेतो नाही जगणार.

आता घराकडे येऊ. एवढं मोठं घर, मग त्याचं हॉटेल कशाला करायचं? राहायचं ना त्यात!

हा प्रश्न सोपा वाटतो, पण जुन्या घराचा हिशोब मांडून बघा. गळतं छप्पर, वाळवी, भिंतीतली ओल, जुन्या तारा. दरवर्षी पैसा लागतो. आणि घर बंद ठेवलं तर आणखी वेगाने खचतं, कारण गळती सुरू झालेली कुणाला कळतच नाही. दरम्यान कुटुंबं फुटतात, पुढची पिढी साबरमतीच्या पलीकडे फ्लॅटमध्ये जाते. १९८० च्या दशकात तर गिरण्याच धडाधड बंद पडल्या. ज्या पैशावर ही घरं उभी होती तोच आटला.

आणि यात एक कायदाही आहे. महाराष्ट्र आणि गुजरात १९६० पर्यंत एकाच राज्यात होते, त्यामुळे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा दोघांच्याही वाट्याला आला. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना त्याने आधार दिला, ते घराबाहेर फेकले गेले नाहीत, हे खरंच. पण पाच-दहा रुपये भाडं येणाऱ्या वाड्याचं छप्पर मालक का दुरुस्त करेल? नाही केलं. पुण्याचे वाडे, मुंबईच्या चाळी, अहमदाबादच्या पोळांमधली घरं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच कथा आहे. आपण म्हणतो, 'लोकांना वारशाची किंमत नाही.' किंमत असते हो. हिशोब जमत नाही.

अगाशियेसारखी जागा हा तो हिशोब जमवण्याचा एक मार्ग आहे. रोज संध्याकाळी चूल पेटते, माणसं जिना चढतात, दिवे लागतात, आणि त्या पैशातून छप्पर शाकारलं जातं. घर जेवण घालतं, जेवण घराला पोसतं. मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू आणि वापरातली वस्तू यात फरक असतो. ताट घासलं जातं तोवरच ते ताट असतं.

पण फक्त कौतुक करून थांबले तर ते खरं होणार नाही.

पहिली गोष्ट, पैसे. इथली थाळी माणशी हजाराच्या वर जाते. कॉलेजात असाल, पहिली नोकरी असेल, तर ही रोजची चैन नाही. त्याच गावात भरपेट थाळी याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते आणि ती चांगलीही असते. आपण जास्तीचे पैसे देतो ते भाजीचे नाहीत, घराचे. ते माहीत असू दे आणि मग ठरवा.

दुसरी गोष्ट. हा उपाय प्रत्येक घराला लागू पडत नाही. मोठं घर, हमरस्त्यावर, एकाच कुटुंबाकडे, असं असेल तर जमतं. पण पोळातल्या अरुंद गल्लीतलं घर, जिथे रिक्षाही जात नाही, आणि सात-बाराव्या वारसाची सही मिळत नाही, तिथे काय करणार? शिवाय हॉटेल घराला मारूही शकतं. धूर, तेलकटपणा, जिथे मोरी नव्हती तिथे ओतलेलं पाणी. जुन्या चुन्याच्या भिंतीला हे सगळं सोसत नाही. म्हणजे आधी घर समजून घ्यायचं आणि मग त्यात किती माणसं बसवायची ते ठरवायचं.

आणि तिसरी गोष्ट, जरा बोचणारी. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या घरात कोण पंगतीला बसू शकत होतं? जात बघून पान मांडलं जायचं. बायका रांधायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या. आज पैसे मोजणारं कुणीही त्या गच्चीवर बसतं, आणि कुणी आडनाव विचारत नाही. आई, आजी, मुलगी, सगळ्या एकाच वेळी जेवतात आणि त्यांना गरम रोटली वाढली जाते. जुनं घर जपताना सगळंच जुनं जपायचं नसतं. भिंती ठेवायच्या, पदार्थ ठेवायचे, आणि पंगतीचे नियम बदलायचे. हे मला तरी चांगलं वाटतं.

एक तुलना करून बघा. अहमदाबादमध्येच 'विशाला' आहे, १९७८ मध्ये सुरू झालेलं. ते मुद्दाम खेड्यासारखं बांधलंय, मातीच्या भिंती, कंदील, बाजूला जुन्या भांड्यांचं मोठं संग्रहालय. तेही बघण्यासारखं आहे. पण तिथे घराची आठवण नव्याने उभी केलीय. अगाशियेत आहे तेच घर वापरात ठेवलंय. शक्य झालं तर दोन्हीकडे जा आणि तुम्हीच ठरवा, कुठे काय वाटतं ते.

जाणार असाल तर थोडक्यात सांगते. मुंबईहून रात्रीची गुजरात मेल धरली की सकाळी अहमदाबाद. सकाळी महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक करा, तो १९९७ पासून चालू आहे. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून जामा मशिदीपर्यंत नेतात. २०१७ मध्ये हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, भारतातलं पहिलं शहर. का आलं, ते त्या गल्ल्यांमधून चालल्यावर कळतं. दुपारी हलकंच खा. संध्याकाळी आधी सिदी सैयदची जाळी बघा, मावळतीच्या उजेडात, आणि मग समोर जा. टेबल आधी बुक करा.

पानावर बसल्यावर दोन गोष्टी पाळा. फरसाणावर तुटून पडू नका, खिचडी-कढीला जागा ठेवा. आणि वाढणाऱ्याला विचारा, 'आ शुं छे?' म्हणजे हे काय आहे. नको असेल तर ताटावर हात आडवा धरा, नुसतं 'बस बस' म्हणून कुणी थांबत नाही! आणि पानात टाकू नका. फजेतो खाणाऱ्यांच्या गावात अन्न टाकणं शोभत नाही.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात असं एखादं जुनं घर असेल, वाडा असेल, ज्यात आजही खानावळ चालते, किंवा पूर्वी चालायची. तिथे एकदा जेवून या. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, 'तुझ्या माहेरी असं काय व्हायचं जे आता कुणीच करत नाही?' फोन हातात आहेच, रेकॉर्डचं बटण दाबा. ती काय सांगेल ते आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या एका एपिसोडमध्ये आपण तेच ऐकू.

आता जा, जेवून घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात. आवजो!