दर्यात कसला कायदा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

जेवणखाण आटोपून कोणी तांदूळ निवडत, कोणी पोरांना थापटत रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, थेट अमेरिकेच्या समुद्रात. पण घाबरू नका, परत आपल्याच रस्त्यावर आणून सोडू.

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या एका गटाची बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्त्यांची नोंद चालली होती. एक काकी मात्र गप्प. एरवी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असतो. त्यांचा मुलगा शिपवर आहे. हॉटेलचा कोर्स केला, मग जहाजावर चढण्याआधी करावा लागणारा सुरक्षेचा कोर्स केला. त्यासाठी काकींनी गटातून ६० हजारांचे कर्ज घेतले आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. मुलगा अमेरिकेतल्या मायामी बंदरातून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर बारमध्ये वेटर आहे. हप्ते आजवर एकदाही चुकले नव्हते.

"काय झाला गो काकी?" कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांना रडूच आले. मुलाचा फोन आला होता. एका टेबलावर एक गृहस्थ आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा बसले होते. त्या बापाने दोन बीअर मागवल्या. काकींच्या मुलाने एकच आणली. बाप म्हणाला, हा माझा मुलगा, पैसे माझे, परवानगी माझी, तू कोण नाही म्हणणारा? मुलगा म्हणाला, साहेब, नियम नाही. त्यावर बाप चिडला आणि वर तक्रार केली.

"आये, मी तेका ग्लास देवक नाय," असे त्याने फोनवर सांगितले. आता साहेबांनी बोलावले आहे, घरी पाठवतात की ठेवतात ठाऊक नाही. घरी पाठवले तर उरलेले कर्ज कसे फेडायचे, हे काकींच्या डोळ्यांपुढे होते. खरे सांगायचे तर आमच्याही.

तेवढ्यात दुसरी एक म्हणाली, "पण दर्यात कसलो कायदो गो बाय? दर्यो काय कोणाच्या बापाचो?"

बैठकीत हशा झाला. पण प्रश्न चांगला होता. काकींच्या मुलाची भाकरी त्या प्रश्नावर अवलंबून होती. म्हणून आम्ही तो नीट समजून घेतला, आणि तोच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या मच्छीमार घरांतल्या बायकांना १२ नॉटिकलची हद्द माहीत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, इथपर्यंतचा समुद्र त्या त्या देशाचा. त्याच्यापुढे भर दर्यात गेले की जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. आता गंमत बघा. अमेरिकेतून सुटणारी कितीतरी प्रवासी जहाजे अमेरिकेत नोंदवलेलीच नसतात. कोणाची नोंद बहामा बेटांवर, कोणाची पनामात. बहामात तर १८ व्या वर्षी दारू पिता येते. मग १९ वर्षांच्या त्या मुलाला बीअर का नाही?

कारण झेंड्याखेरीज कंपनीचाही नियम असतो. एसटीत बसलो की आत एसटीचे नियम पाळावे लागतात, तसेच हे. तिकीट घेतले म्हणजे तो नियम मान्य केला असे धरतात. अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर साधारणपणे २१ वर्षांचा नियम असतो, कारण अमेरिकेत जमिनीवर तोच कायदा आहे. तीच कंपनी, तसलेच जहाज, पण ते युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून सुटत असेल तर बहुतेक वेळा १८ चा नियम. एखादी कंपनी अशीही आहे की आई-वडील बरोबर असतील आणि त्यांनी आधी लिहून दिले असेल, तर १८ ते २० वर्षांच्या मुलाला फक्त बीअर किंवा वाईन देतात, तीही काही ठरावीक समुद्रांतच. पण आधी लिहून द्यायचे. टेबलावर बसून हुकूम सोडायचा नाही.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढतानाच प्रत्येकाला एक कार्ड मिळते. पासपोर्टावरची जन्मतारीख त्या कार्डाशी जोडलेली असते. वेटरने कार्ड यंत्राला लावले की वय समोर येते. म्हणून बरीच मुले दुसऱ्याच्या कार्डावर पेला मागवतात. ते पकडले गेले तर मागवणाऱ्यालाही पुढच्या बंदरावर उतरवून देऊ शकतात, मग तो बाप असला तरी. आणि देणाऱ्या वेटरची नोकरी जाऊ शकते. म्हणजे मजा कोणाची, आणि चूल विझणार कोणाची, ते बघा.

जहाज मेक्सिकोच्या बंदराला लागले की तिथे १८ चा कायदा. तोच १९ वर्षांचा मुलगा खाली उतरून उघडपणे पिऊ शकतो. संध्याकाळी जहाजाची शिडी चढला की पुन्हा लहान! बंदरावर घेतलेली बाटलीही जहाजावर काढून ठेवतात आणि प्रवास संपताना देतात. एकाच दिवसात मुलगा सकाळी लहान, दुपारी मोठा, रात्री पुन्हा लहान. हे ऐकून आमच्या बैठकीत पुन्हा हशा झाला.

पण मैत्रिणींनो, हे २१ आले कुठून? त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही.

१९७१ साली अमेरिकेत मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. मग लोक म्हणाले, मत देता येते तर दारू का नाही? बऱ्याच राज्यांनी दारूचे वय खाली आणले. काही राज्यांनी आणले नाही. झाले असे की ज्या राज्यात बंदी, तिथली पोरे गाडी काढून शेजारच्या राज्यात जायची, प्यायची आणि रात्री गाडी चालवत परत यायची. त्या हद्दींवरच्या रस्त्यांवर इतकी पोरे मेली की लोक त्यांना रक्ताच्या सीमा म्हणू लागले.

त्यातच १९८० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात १३ वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या कडेने चालली होती. तिला दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीने उडवले. तो माणूस तरुण नव्हता, चांगला प्रौढ होता, आणि त्याआधीही दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला होता. त्या मुलीची आई कँडेस लाइटनर. कायदा इतका ढिला आहे हे बघून ती घरी रडत बसली नाही. तिने आयांची संघटना उभी केली. नावच ठेवले, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध माता. गावोगावच्या आया आपल्या गेलेल्या लेकरांचे फोटो घेऊन उभ्या राहिल्या. १९८४ साली तिथल्या सरकारने कायदा केला, की जे राज्य दारूचे वय २१ करणार नाही त्याचा रस्त्यांसाठीचा काही निधी कापला जाईल. या कायद्यासाठी त्या आयांनीही जोर लावला होता. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत २१ झाले. नंतरच्या पाहण्यांत तरुण मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू कमी झालेले दिसले.

म्हणजे काकींच्या मुलाने जो पेला दिला नाही, त्यामागे कुठल्यातरी आयांचे अश्रू होते. त्याला हे ठाऊक नसेल, पण त्याने त्यांचीच राखण केली.

आता परत आपल्या घराकडे येऊ.

आपल्या देशात दारूचा कायदा राज्याराज्याचा वेगळा. आपल्या महाराष्ट्रात सौम्य बीअर आणि वाईनसाठी २१ वर्षे, आणि बाकी सगळ्या दारूसाठी २५ वर्षे पुरी लागतात. शिवाय कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा. शेजारी गोव्यात १८. गुजरातेत दारूबंदीच. आणि बांद्याहून पत्रादेवीची हद्द किती लांब? तुम्हीच सांगा. बाईकवर बसले की पोचले.

रक्ताच्या सीमा म्हटल्यावर आमच्या बैठकीत एकदम शांतता पसरली, ती त्यामुळेच. आपल्या भागात कोणाला आठवले नाही? कॉलेजातली पोरे शनिवारी संध्याकाळी "जरा जाऊन येतो" म्हणून निघतात. तिथे कोणी अडवत नाही, कारण तिथे ती कायद्याने मोठी. मग रात्री हायवेने परत. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा असाच गेला. २० वर्षांचा. मागे बसलेला वाचला, पण अजून नीट चालत नाही. त्याची आई आमच्या गटात आहे. ती त्या दिवशी एवढेच म्हणाली, "तेका कोणी तरी नको म्हणाक होया होता." त्याला कोणीतरी नको म्हणायला हवे होते.

पोरे आमच्याशी वाद घालतात. आम्ही मत देतो, आमच्या नावावर गाडी आहे, मग एका बीअरने काय होते? आम्ही त्यांना वेडे समजत नाही. त्यांचा मुद्दा अमेरिकेतही १९७१ साली लोकांनी मांडला होता. त्याचे काय झाले ते मात्र आम्ही त्यांना सांगतो. आणि हेही खरे, की नुसत्या वयाच्या नियमाने सगळे सुटत नाही. त्या १३ वर्षांच्या पोरीला मारणारा माणूस वयाने मोठाच होता. आपल्या घरातले पिणारेही बहुतेक पंचविशीच्या पुढचेच आहेत. म्हणून वयाचा नियम हे एक कुंपण समजा. कुंपण घातले तरी राखण करावी लागतेच.

मग आपण काय करायचे? आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या, त्या सांगतो.

पहिली गोष्ट, घरातल्या पोरांना कायदा सरळ सांगायचा. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडले तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांचा दंड, किंवा दोन्ही. गोव्याची दारू परवान्याशिवाय आपल्या हद्दीत आणणे हाही गुन्हा आहे. लग्नाला किंवा हळदीला कोणी "चार बाटल्या आण रे" सांगितले, तरी पकडला जातो तो आणणारा पोरगा.

दुसरी गोष्ट, घरात एक शब्द द्यायचा. "प्यायला असशील तर गाडी चालवू नको. फोन कर, मध्यरात्र असली तरी. आम्ही रिक्षा पाठवू. त्या रात्री शिव्या देणार नाही, बोलणे सकाळी." हे अवघड आहे हे आम्हाला माहीत आहे. पण शिव्यांच्या भीतीने गाडी काढणारी पोरे आपण बघितली आहेत.

तिसरी गोष्ट, शिपवर जाणाऱ्या पोरांसाठी. निघण्याआधी त्याला विचारा, दारूबद्दल तुझ्या कंपनीचा नियम काय? पाहुण्यांसाठी वेगळा असतो, कामगारांसाठी वेगळा. सुरक्षेचे काम ज्यांच्याकडे असते त्यांच्या रक्तातल्या दारूला आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे, आणि कंपन्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात. एका रात्रीच्या पार्टीने घरी परत यावे लागू शकते. कर्ज मात्र इथेच राहते, गटाच्या वहीत.

आणि चौथी गोष्ट. हल्ली मुंबईहून गोव्याला जहाजाने सहलीला जाणारी घरे आपल्यातही निघू लागली आहेत. जा, मजा करा. पण तिकीट काढतानाच जहाजावरचा वयाचा नियम विचारून घ्या, आणि मोठ्यांनी आपल्या नावावर पोरांना मागवून देऊ नका. वेटरने नाही म्हटले तर त्याच्यावर आवाज चढवू नका. तोही कोणाचा तरी मुलगा असतो, आणि त्याच्यामागेही कुठल्यातरी गटाचे कर्ज असेल.

काकींच्या मुलाचे काय झाले, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. साहेबांनी त्याला बोलावले. यंत्रावर त्या टेबलाची नोंद बघितली. त्या १९ वर्षांच्या मुलाचे कार्ड लावल्यावर नकार आला होता, ते तिथे दिसत होते. साहेब म्हणाले, बरोबर केलेस, कामाला जा. बस, एवढेच. ना बक्षीस, ना हार.

पुढच्या बैठकीला काकी आल्या, त्या सगळ्यांच्या आधी. पदराच्या गाठीतून हप्त्याचे पैसे काढून वहीवर ठेवले आणि ज्या बाईने दर्यात कसला कायदा म्हणून विचारले होते, तिच्याकडे बघून म्हणाल्या, "दर्यात कायदो असता गो. पाळणारो होयो."

आम्ही ते वाक्य इतिवृत्तात लिहून ठेवले आहे.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटे या विषयावर बोला. तुमच्या वाडीतून कोण हद्दीपलीकडे जाते, रात्री कोण कोणाला आणायला जाऊ शकेल, एवढे जरी ठरवले तरी पुष्कळ.