शिपायाच्या मृत्यूची नोंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात पडलेल्या जवानांची ती आठवण. या स्मरणात गडचिरोलीचा वाटा मोठा आहे. २००९ या एकाच वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे मिळून ४८ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक असे सोळा जण गेले. त्यांची नावे सन्मानाने घेतली जातात आणि ते उचितच आहे.

परंतु त्याच रानात, तोच गणवेश घातलेला शिपाई जेव्हा स्वतःचे आयुष्य संपवतो, तेव्हा त्याचे नाव कोणी उच्चारत नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, कारण म्हणून ‘कौटुंबिक’ हा शब्द पडतो आणि कागद बांधून ठेवला जातो. त्या एका शब्दाने सरकार मोकळे होते. प्रश्न आहे तो या शब्दाचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील. हा आकडा सर्व राज्यांत अधिक. कारणांच्या तक्त्यात ३१.७ टक्के मृत्यू ‘कौटुंबिक समस्या’ या सदरात आहेत. केंद्रीय सशस्त्र दलांसाठी या अहवालात वेगळी माहिती असते. राज्याचा पोलीस शिपाई मात्र शासकीय नोकरांच्या रकान्यात मिसळून जातो. वनरक्षकाचीही तीच गत. ज्याची मोजदाद नाही, त्याच्यासाठी धोरण नाही.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील दूरच्या पोलीस मदत केंद्रात राहणाऱ्या जवानाची स्थिती ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. राज्य राखीव दलाच्या तुकड्या दूरच्या जिल्ह्यांतून येतात. स्थानिक आदिवासी तरुण शिपाई झाला, तर त्याला स्वतःच्या गावी मोकळेपणाने जाण्याची चोरी. चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या रानात वाघाने माणूस मारला की गावाचा संताप प्रथम वनरक्षकावर निघतो. आईच्या आजारपणासाठी मागितलेली रजा मिळाली नाही आणि त्यावरून घरात वितुष्ट आले, तर ते कारण कौटुंबिक म्हणायचे की सरकारी?

आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते, हे खरे. म्हणूनच एका शब्दात तिचा निकाल लावता येत नाही. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसाल येथील एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा असा अंत झाला. त्यांनी मागे पत्रे ठेवली होती, म्हणून वरिष्ठांच्या वागणुकीचा प्रश्न राज्यापुढे आला. जे पत्र न लिहिता जातात, त्यांची चौकशी कोणी करावयाची?

हा प्रश्न नवा नाही. १९७७ साली जनता राजवटीने नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपला पहिला अहवाल शिपायांच्या वेतन, घरे, कामाचे तास आणि गाऱ्हाणी यांना प्रामुख्याने वाहिला होता. तो धूळ खात पडला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला. उत्तरादाखल लष्कर आले, शिपाई बडतर्फ झाले आणि संघटनेची मान्यता गेली. त्यानंतर आठच दिवसांनी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणजे या जिल्ह्याचा शिपाई जन्मापासूनच मुका आहे! १९६६ चा कायदा त्याला परवानगीवाचून संघटना करू देत नाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हाती अर्ज द्यावयाचा, हाच त्याला उरलेला मार्ग.

आत्महत्या टाळता येतात, याला पुरावा आहे. कॅनडातील माँट्रियल शहराच्या पोलिसांनी १९९७ पासून सर्व दलाला प्रशिक्षण दिले, वरिष्ठांना आणि संघटनेच्या प्रतिनिधींना संकटाची चिन्हे ओळखावयास शिकवले आणि पोलिसांनीच चालवलेली गोपनीय दूरध्वनी सेवा उभी केली. पुढील बारा वर्षांत तेथील पोलिसांच्या आत्महत्यांचे प्रमाण ७९ टक्क्यांनी घटले. त्याच प्रांतातील इतर पोलीस दलांत तशी घट दिसली नाही. हा फरक कळला, कारण त्यांनी आधीपासून मोजले होते. अमेरिकेनेही २०२० साली पोलिसांच्या आत्महत्यांची माहिती गोळा करण्याचा कायदा केला.

येथे काही साथी विचारतील, ज्यांच्या लाठ्या मोर्चांनी खाल्ल्या, ज्यांच्याविरुद्ध आदिवासी गावांच्या तक्रारी आहेत, त्यांची कड का घ्यावी? अत्याचाराला माफी नाही. त्याची चौकशी झालीच पाहिजे. परंतु शिपाई हा शेतकऱ्याचा, मजुराचा, गोंड-माडियाचा मुलगा आहे. आपले श्रम विकूनच तो जगतो. ज्याला वरिष्ठापुढे तोंड उघडता येत नाही, त्याचा कोंडलेला राग कधी गावावर निघतो, कधी स्वतःवर. दोन्हींचे मूळ त्या मुकेपणात आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पोलीस व वनखात्यातील अशा प्रत्येक मृत्यूची राज्याने वेगळी नोंद करावी आणि दरवर्षी, नावे न देता, विधिमंडळापुढे ठेवावी. चौकशी त्या घटकाच्या वरिष्ठाकडे नसावी. रजा, बदली, कामाचे तास तपासण्याचा तिला अधिकार असावा. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तो नियम व्हावा. मदत मागणाऱ्याच्या सेवापुस्तकात शेरा पडू नये, नाहीतर ‘१४४१६’ ही २०२२ पासूनची टेलिमानस सेवा असूनही कोणी फोन उचलणार नाही. आणि शिपायाला संघटनेचा हक्क मिळावा.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुकीचा धोका ओसरत असताना आणीबाणीची सबब आता पुरणार नाही. कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांतून अशा मृतांच्या घरी जावे, त्यांच्या विधवांचे, आईबापांचे ऐकावे आणि त्यांच्या संमतीने ते शासनापुढे मांडावे. मोजणी सरकार करील तेव्हा करील; विचारपूस आजच सुरू होऊ शकते.