मानवेल बांबू : गवताची जात, गावाचा हक्क



चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील मानवेल बांबू हा भात, ज्वारी यांच्याच तृणकुलातील. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस, म्हणजे वृक्षासारखा बोरू. दक्षिण व आग्नेय आशियाच्या उष्ण प्रदेशांत ही प्रजाती दूरवर पसरलेली आहे. मानवेल ही तिची काटक जात. कोरड्या उतारांवर तिची कांडी जवळजवळ भरीव होते. म्हणून लाठीसाठी हाच बांबू पसंत केला जातो.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र या गवताची गणना वृक्षांत केली. ती व्याख्या २०१७ साली बदलली. तत्पूर्वीच २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडला.

हक्काबरोबर तोडीची जबाबदारीही गावाकडे येते. वृक्षाचे खोड दरसाल जाड होते, बांबूचे होत नाही. पावसाळ्यात कंदातून कोंब निघतो तो आपली जाडी घेऊनच. एकाच हंगामात तो उंची गाठतो आणि पुढील दोन-तीन वर्षे केवळ कठीण होत जातो. नव्या कोंबांचे पोषण शेजारच्या कोवळ्या बांबूंवर अवलंबून असते. नवे बांबू बेटाच्या कडेला असतात, जून झालेले मध्यभागी. तोडणाऱ्यास कडेचा बांबू सोपा पडतो, आत शिरणे जिकिरीचे. मजुरी नगावर असली की हा मोह वाढतो. मग मध्य गच्च होतो आणि बेट खंगते.

भाजीसाठी काढले जाणारे वास्ते म्हणजे हेच कोंब. त्यास हरकत नसावी. परंतु एका बेटातील सारेच काढले, तर त्या वर्षीचा बांबू भाजीतच गेला! टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडास हिरवा, लवचिक बांबू लागतो. त्याच्यासाठी काही बेटे ग्रामसभेने वेगळी राखावीत.

मानवेल कित्येक दशके फुलत नाही. मग एखाद्या टापूत सरसकट फुलोरा येतो, बी धरते आणि बेटे वाळून मरतात. बियांतून उगवलेली रोपे काही वर्षे गुरे व वणवा यांपासून राखावी लागतात. फुलोऱ्याचे वर्ष व जागा यांची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील फुलोरा पाहणारे आज कदाचित त्याच शाळेत पहिलीच्या वर्गात बसले असतील.